उंबराचं फूल झालेल्या मित्रास

दापोली
९ मार्च, रविवार

प्रिय सुन्या,

संत्र्यांची पेटी परवा संध्याकाळी पोचली. स्टँडवरून फोन आला, "तुमचं पार्सल पडलंय, सगळ्या हापिसात वास सुटलाय, लवकर न्या." तळातली चार नरम पडली होती, ती गुरांच्या पुढ्यात गेली. बाकीची सगळी ठणठणीत. आईने पहिलं संत्रं देवापुढे ठेवलं आणि लगेच तुझा उद्धार केला, "संत्री येतात, सुनील येत नाही. उंबराचं फूल झालाय नुसता." सहा वर्षं झाली रे तुला येऊन. त्या उंबराच्या फुलावरून मला तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे, पण ते शेवटी.

पेटीत वरच्याच थरात तुझ्या मुक्ताची चिठ्ठी होती. "काका, संत्र्याच्या फोडीत एवढ्या बारीक बारीक पिशव्या कोण भरतं? बाबा म्हणाले देव भरतो, जास्त माहिती हवी तर काकांना विचार." लाज वाटू दे जरा. एस.वाय.ला वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये संत्र्याचा आडवा छेद कुणी काढला होता? मी काढला होता. आणि तू तो उतरवून घेतला होतास, माझ्यापेक्षा एक मार्क जास्त मिळवून!

तर मुक्ताला सांग, त्या पिशव्या म्हणजे केस आहेत. खरंच केस. संत्र्याच्या कप्प्याला आतून जी भिंत असते, तिच्यावर फुलाच्या वेळीच बारीक केस उगवायला लागतात. फळ वाढेल तसे ते आत आत पसरतात, रसाने फुगतात आणि कप्पा गच्च भरून टाकतात. बिया असतात मधल्या बाजूला, हे केस येतात सालीच्या बाजूने. फोडीचा पापुद्रा काढून एक पिशवी सुईने अलगद सोडवायला सांग तिला. एका टोकाला दोऱ्यासारखा देठ दिसेल, तोच त्या केसाचा बुंधा. आमच्या निनादला हे दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी आत्तापर्यंत केस खाल्ले?" आणि संत्रं ताटात तसंच ठेवून उठला. रात्री मात्र तीन खाल्ली. त्याआधी बादलीत प्रयोग झाला: सालीसकट संत्रं टाकलं की तरंगतं, सोलून टाकलं की तळाला जातं. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात हवा भरलेली असते, तीच त्याची पोहायची ट्यूब. मुक्ताला आधी पैज लावायला सांग. सगळे म्हणतात, साल काढल्यावर हलकं होणार, मग तरंगणार.

आणखी एक. संत्रं पिकलं म्हणजे केशरी होतंच असं नाही. साल केशरी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. थायलंड, व्हिएतनामसारख्या बारमाही उकाड्याच्या मुलखात ती हिरवीच पिकतात आणि हिरवीच विकली जातात, आत मात्र गोड. तुमच्या नागपूरची थंडी म्हणजे बागायतदाराला फुकटात मिळालेला रंगारी. इंग्रजीतला 'ऑरेंज' हा शब्दही मुळात इथूनच गेला, संस्कृत नारंगपासून. तो फारसी, अरबी, स्पॅनिश अशी वळणं घेत घेत तिकडे पोचला. आपलं नारिंग त्याचं घरी राहिलेलं भावंड.

चिठ्ठीने आमच्या घरी दोन दिवस धुमाकूळ घातलाय. शनिवारी रात्री जेवताना मी विचारलं, "स्ट्रॉबेरी आणि केळं, यातली बेरी कोणती?" हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, नजर कळते. पैज लागली आठवडाभर भांडी घासायची, आणि मी जिंकलो. वनस्पतिशास्त्रात बेरी म्हणजे एका फुलाच्या एकाच अंडाशयातून झालेलं, आत सगळा गर असलेलं आणि गरात बिया रुतलेलं फळ. त्या हिशोबाने केळं बेरी, द्राक्ष बेरी, टोमॅटो बेरी, वांगंसुद्धा बेरी. तुझं संत्रंही त्याच घराण्यातलं. आणि स्ट्रॉबेरी? तिचा जो लाल गर आपण खातो, तो फळच नव्हे. फुलाचा बुडखा फुगलेला असतो तो. तिच्या अंगावर जे पिवळे दाणे असतात, ज्यांना आपण बिया म्हणतो, त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक स्वतंत्र फळ, बी त्याच्याही आत. हिने महाबळेश्वरहून आणलेल्यातली एक घेतली आणि दोघी मायलेकी टाचणीने दाणे मोजत बसल्या. एकशे त्रेसष्टला मांजर ताटावर आलं आणि मोजणी संपली. भांडी मात्र मीच घासतोय, "पैजेत शास्त्र चालत नाही" म्हणून.

या स्ट्रॉबेरीची कुळकथा तर तुला आवडेलच, तुला हेरांच्या गोष्टींचा नाद. १७१२ साली फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, एका लष्करी इंजिनियरला दक्षिण अमेरिकेत पाठवलं. काम हे, की व्यापाऱ्याच्या वेषात हिंडायचं आणि चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचे स्पॅनिश किल्ले टिपून आणायचे. त्याने किल्ले तर टिपलेच, पण चिलीत त्याला अक्रोडाएवढ्या फिकट स्ट्रॉबेऱ्या दिसल्या. तोवर युरोपात माहीत असलेल्या या जातीची फळं त्यापुढे बोराएवढीच. रोपं घेऊन तो १७१४ साली परतला. सहा महिन्यांचा जहाजप्रवास, प्यायच्या पाण्याची मारामार, त्यात पाच रोपं जगली. पण ती फळेनात, कारण सगळी मादी होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीची रोपं शेजारी लागली तेव्हा कुठे फळं धरली. त्या दोघींच्या संकरातून जी जात निघाली, तीच आज महाबळेश्वर-पाचगणीच्या वाफ्यांत आहे. आता गंमत ऐक. त्या हेराचं आडनाव फ्रेझिये, आणि फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला म्हणतात फ्रेझ. असं मी गोष्टीत लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, जरा जास्तच जुळवलंयस.

फळ नसलेलं फळ बघायला मला महाबळेश्वरला जायची गरज नाही, घराच्या मागेच काजू आहे. लहानपणापासून आपण बोंडू चोखले, अंगावर डाग पाडून मार खाल्ला, पण एक गोष्ट तू कधी पाहिलीस का? काजूला आधी बी येते. बोंडू नंतर. आज सकाळीच मुद्दाम पाहून आलो. एका फांदीवर पाच बिया होत्या, हिरव्यागार, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, जवळजवळ पुऱ्या वाढीच्या. त्यांच्या वर देठ काडीएवढा. शेजारच्या फांदीवर तोच देठ बोटाएवढा जाड झालेला, पुढच्या फांदीवर तांबूस होऊन पेरासारखा फुगलेला. म्हणजे बोंडू हा नुसता देठ. खरं फळ खाली लोंबतंय, आणि त्याच्यातला गर म्हणजे आपला काजूगर.

त्या बीच्या सालीत जे तेल असतं, त्याचा प्रताप गेल्या वर्षी माझ्या भाच्याने भोगला. मुंबईचा मुलगा, दहा वर्षांचा. झाडावर काजू दिसला म्हणून सरळ दातांनी फोडायला गेला. ओठ असे सुजले की दोन दिवस पेज. काजू, आंबा, बिब्बा, पिस्ता ही सगळी एकाच कुळातली मंडळी, आंब्याचा चीक उततो तोही याच खोडीने. बाजारात 'कच्चे' म्हणून मिळतात ते काजूही आधी उष्णता देऊनच सोललेले असतात. ते सालीतलं तेल गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्यांतही वापरतात, हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याच्या सुजलेल्या ओठांवर थोडं हसू आलं. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणलं. नावही तिकडचंच, तिथल्या तुपी भाषेतलं अकाजू.

पोर्तुगीजांनी किती काय आणलं याची यादी करायला बसलो तर आपल्या परड्यात परदेशीच जास्त निघतात. अननस, पपई, पेरू, चिकू, सगळी अमेरिका खंडातली. सीताफळसुद्धा! हे मी बोलून गेलो आणि आईच्या हातातली वात वळायची थांबली. "सीताफळ परदेशी? मग नाव काय उगाच ठेवलं?" निनाद म्हणाला, "मग वनवासात खाल्लं काय?" आई म्हणाली, "रामाने शबरीची बोरं खाल्ली. ती तरी इथलीच ना रे?" इथलीच म्हटलं. तिला बरं वाटलं आणि वाती पुन्हा सुरू झाल्या. चिंचेचं मी सांगितलंच नाही. अरब लोक तिला तमर हिंदी म्हणाले, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, त्यावरूनच इंग्रजी टॅमरिंड. पण झाड मूळचं आफ्रिकेचं. एका संध्याकाळी आईला एवढे धक्के पुरेत.

अननसाने तर आमच्या घरी भांडण लावलं होतं. निनादच्या वाढदिवसाला हिने जेली केली, पाकिटातली. वरून शोभेला ताज्या अननसाचे तुकडे घातले आत कालवून. सकाळी फ्रिज उघडला तर नुसतं पिवळं सरबत. हिने दुकानदाराला फोन करून खडसावलं, पाकीट जुनं दिलंत म्हणून. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. जेली जमते जिलेटिनवर, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. अननसाने रातोरात ते खाऊन टाकलं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुणचुणते तीही त्यामुळेच. आपण त्याला खातो, तोही आपल्याला थोडा खातो. तुकडे शिजवून घातले असते तर जेली जमली असती, कारण उष्णतेने विकर मरतं. डब्यातल्या अननसाची म्हणूनच छान जमते. कच्च्या पपईचंही तेच, म्हणून मटणाला लावतात. आणि केकात, आइस्क्रीमवर जी लाल-हिरवी टुटीफ्रुटी असते ना, ती कच्ची पपईच, पाकात घोळून रंगवलेली. हे निनादला अजून सांगितलेलं नाही. त्याला पपई आवडत नाही.

चिकूची गोष्ट छोटी आहे, पण मुक्ताला सांगच. चिकूच्या झाडाला जो पांढरा चीक येतो, तो मेक्सिकोतले लोक पूर्वापार चघळत. १८६९ च्या सुमारास मेक्सिकोचा एक पदच्युत अध्यक्ष, सांता आना, न्यूयॉर्कजवळ विजनवासात होता. हा चीक त्याने थॉमस अॅडम्स नावाच्या माणसाला दाखवला, यातून गाड्यांच्या चाकांना रबर होईल का म्हणून. रबर काही झालं नाही. शेवटी अॅडम्सने त्या चिकाच्या गोळ्या करून चघळायला विकल्या आणि च्युइंगमचा कारखाना उभा राहिला. आता गमात बहुतेक कृत्रिम डिंकच असतो. पण घोलवडच्या वाडीत उभं राहून कोवळा चिकू खुडला की बोटांना जे चिकटतं, ते तेच.

आता जरा हापूसकडे वळतो. एवढ्या वेळ दम धरला हेच नवल. तुला आठवतंय, आपण शाळेत असताना बाबांनी खाल्लेल्या हापूसचा बाठा उकिरड्यावर उगवला होता आणि तू म्हणाला होतास, वाढवू या, फुकटात हापूस मिळेल? ते झाड अजून आहे. दरवर्षी लागतं. आंबट, धागे भरपूर, लोणच्याला बरा. हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही, येतो रायवळ. पोरगं बापासारखंच निघेल याची खात्री नसते तसंच. म्हणून हापूस लावायचा तो कलमानेच. पावसाळ्यात रायवळीच्या बाठ्याला तांबूस कोवळा कोंब आला की पंधरा दिवसांच्या आत तो चार बोटं ठेवून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. चिरेत हवा राहिली की मेलं. गेल्या जुलैत मी निनादला हे शिकवलं. त्याने बांधलेल्या बारांपैकी सात जगली. माझ्या पहिल्या वर्षी चार जगली होती, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

याचा अर्थ असा बघ, रत्नागिरीपासून देवगडपर्यंत जेवढा म्हणून हापूस उभा आहे, तो कुणाचा मुलगा नाही, नातू नाही. कधीकाळच्या एका झाडाची काडी, तिची काडी, तिचीही काडी. मुळं मात्र प्रत्येकाची परक्याची, रायवळीची. नाव गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचं, जिभेवर घासून घासून हापूस झालेलं. इथल्या आमच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना काढला, मग रत्ना आणि हापूस यांच्यातून १९९२ साली सिंधू. सिंधूच्या बाठ्याचा पार पापुद्रा झालेला असतो, सगळा गरच गर. मला विचारशील तर बाठा चोखायला मिळत नाही तो आंबा काय कामाचा.

केळीची गत हापूससारखीच, फक्त तिला कलम करणारा लागत नाही, ती आपणहून मुनवे काढते. केळ हे झाडच नाही, खोड वाटतं ते एकात एक गुंडाळलेली सोपटं. रानातल्या केळ्यात मिरीएवढ्या कडक काळ्या बिया असतात, इतक्या की गर शोधावा लागतो. आपल्या केळ्यातले ते मधले काळे ठिपके म्हणजे त्या बियांची आठवण. सगळी केळी एकमेकांची नक्कल असली की एकीला जो रोग लागतो तो सगळ्यांनाच लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिका-युरोपच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचं केळं चालायचं. मुळांतून शिरणाऱ्या एका बुरशीने त्याच्या बागा उठवल्या, आणि मग कॅव्हेंडिश आलं. आपली जळगावची बसराई त्याच कॅव्हेंडिश गोतातली.

आता उंबराचं फूल. आपल्याकडे म्हणतात, उंबराला फूल येत नाही, आलं तर मध्यरात्री येतं, आणि दिसलं तर राजयोग. म्हणून न भेटणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणायचं. पण सुन्या, उंबराला शेकड्यांनी फुलं येतात. फक्त ती आत येतात. आज दुपारी विहिरीवरच्या उंबराचं एक कच्चं फळ ब्लेडने कापलं. आत भिंतीला आतून चिकटलेली बारीक फुलं, दाटीवाटीने, सगळी तोंडं मध्याकडे. पिकायला आलेलं दुसरं कापलं तर त्यातून चिलटाएवढ्या माश्या बाहेर पडल्या आणि निनाद किंचाळत मागे सरला. ते किडे काही फळ सडल्यामुळे पडत नाहीत. मादी माशी टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते, ते इतकं अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. ती परागकण पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिची नर पिल्लं बिनपंखांचीच जन्मतात. माद्यांशी संग झाला की फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि तेही आतच मरतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडतात, दुसरं उंबर शोधायला. ही माशी नसेल तर उंबराची एक बी धरणार नाही.

अंजीर याचंच भावंड. ही घाबरून म्हणाली, "म्हणजे अंजिरातपण?" तिला सांगितलं, सासवडच्या बाजूचं अंजीर बिनधास्त खा, त्या जातीला माशी लागतच नाही, फळ आपोआप धरतं. तुर्कस्तानातल्या स्मर्ना अंजिराला मात्र ती लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी १८८० च्या दशकात त्याची झाडं नेली, आणि फळं हिरवी असतानाच गळायची. तुर्कांनी फसवलं असंच त्यांना वाटत होतं. शेवटी १८९९ मध्ये माश्या नेऊन सोडल्या, तेव्हा अंजीर झाडावर राहिलं.

तर आईला मी सांगितलंय की सुनीलला उंबराचं फूल म्हणू नकोस. ती म्हणाली, "बरोबरच म्हणत्ये की मग. आहे, पण आत दडून बसलाय." यावर माझ्याकडे उत्तर नाही, तूच येऊन दे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ये, मुक्ताची शाळा संपलेली असेल. हापूस असेल, फणसही निघेल. कापा हवा की बरका ते आधी कळव. मागच्या खेपेला वहिनींच्या हातून बरका सुटून साडीवर पडला होता, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

तुझी पेटी परत पाठवतोय. तळाला दोन किलो काजूच्या बिया, भाजून सोललेल्या, वर आमसुलं आणि आईने दिलेली आंबापोळी. मुक्तासाठी एक पिकायला आलेलं उंबर ठेवणार होतो, कापून बघायला. पण नागपूर येईपर्यंत आतल्या मंडळींनी बोगदा पाडला असता आणि पार्सलवाल्याने पुन्हा फोन केला असता.

तुझाच,
पक्या

ता. क. – मुक्ताला म्हणावं, तिने संत्र्यातल्या एका फोडीत किती केस निघतात ते मोजून कळवावं. निनाद मोजतोय, पण दर दहा-बारा मोजले की खातो.